मानेवर मुकुट आणि ‘व्ही आर’: हा वस्तरा नक्की कधीचा?

गंजलेली_पेटी: पणजोबांचा वस्तरा सापडलाय. पातं पाचरीसारखं जाड. मानेवर (पातं आणि दांडी यांच्यामधला भाग) मुकुट, त्याच्या दोन्ही बाजूंना व्ही आणि आर, खाली शेफील्ड, म्हणजे इंग्लंडमधलं पोलादाचं शहर. त्याखालचं गंजाने खाल्लंय. दांडी काळी. मामा छातीठोक सांगतो, १८०० सालचा आहे. खरं असेल?

शिंगदांडी: मामाला सांगा, ही अक्षरं राजा-राणीच्या नावाची. १८०० साली इंग्लंडच्या गादीवर तिसरा जॉर्ज होता, तेव्हा छाप ‘जी आर’ (जॉर्ज रेक्स, म्हणजे राजा जॉर्ज) असता. १८३० ते १८३७ चौथा विल्यम, म्हणजे ‘डब्ल्यू आर’. ‘व्ही आर’ म्हणजे राणी व्हिक्टोरिया, १८३७ ते १९०१. तेव्हा १८३७ च्या मागे जाता येत नाही.

देशाचं नाव आहे का बघा. अमेरिकेत १८९१ पासून आयात मालावर ते सक्तीचं झालं, म्हणून ‘इंग्लंड’ कोरलेलं असेल तर बहुधा त्यानंतरचा. नसेल तर मात्र १८९१ आधीचाच म्हणून लगेच उड्या मारू नका. सगळा माल काही अमेरिकेला जात नव्हता. पाचरी पात्याचंही तेच: पोकळ घासलेली (बाजूंनी खोलगट, पातळ) पाती आली तरी जाड पाती बनत राहिली.

दांडीवरून साल तर मुळीच काढू नका. पातं टिकतं, दांडी तुटते, बदलली जाते. दिव्यासमोर धरा, शिंग असेल तर कडेला तपकिरी रेषा दिसतील. तापलेली सुई टोचून बघा असं कुणी सांगेल, ऐकू नका. सेल्युलॉइड, म्हणजे जुन्या काळचं प्लास्टिक, निघालं तर भडकतं.

आणि पॉलिश? हात जोडतो, नको. माझ्या पहिल्या वस्तऱ्याच्या पात्यावर सोनेरी अक्षरं होती. दहा मिनिटं घासलं, पातं आरशासारखं झालं आणि अक्षरं फडक्यावर आली.

गंजलेली_पेटी: रेषा दिसल्या, शिंगच आहे! देशाचं नाव कुठेच नाही. रात्रभर तेल लावून ठेवलं, सकाळी मऊ फडक्याने टिपलं तर शेफील्डखाली ‘कास्ट स्टील’ वाचता आलं. याने काही कळतं?

शिंगदांडी: पोलाद कळतं, साल नाही. ‘कास्ट स्टील’ म्हणजे मुशीत वितळवलेलं पोलाद. ते बेंजामिन हंट्समन या इंग्रज कारागिराने १७४० च्या दशकातच आणलं होतं आणि तो छाप पुढे कितीतरी वर्षं मारत होते. कारागिराचं नाव निघालं तरच आकडा आणखी आवळता येईल. तेल चालू ठेवा.

गंजलेली_पेटी: ठेवतो. मामाला १८३७ सांगितलं. म्हणाला, “मग तेच तर म्हणत होतो, अठराशे आणि वर थोडे!”