‘विदाउट प्रेज्युडिस’चे फ्रेंच काय करावे?

दांडियाबाजार: नमस्कार. मी बडोद्यात एका वकिलांच्या कचेरीत मसुदे टंकलिखित करतो. आमचे एक अशील ल्यों येथील खरेदीदाराशी करार करीत असून, मसुदा व सोबतचे तडजोडीचे पत्र समोरच्यास वाचता यावे म्हणून मी दोन्हींचे फ्रेंच करीत आहे. ‘नल अँड व्हॉइड’ला नुसते ‘न्यूल’ पुरेल का? आणि ‘विदाउट प्रेज्युडिस’ पत्राच्या माथ्यावरही आहे व करारातही. दोन्ही ठिकाणी मी ‘सां प्रेज्युदिस’ लिहिले आहे.

रावपुरा: अर्थाला पुरेल, पण रूढ जोडी ‘न्यूल ए नोनाव्न्यू’ अशी आहे. आपणही ‘रद्दबातल’ म्हणतो, त्यात रद्द आणि बातल हे दोन्ही शब्द एकाच अर्थाचे असले तरी कोणी एक गाळत नाही.

जुना मुखत्यार: करारात ‘कलम चारला बाध न येता’ अशा अर्थी तो शब्द आला असेल, तर ‘सां प्रेज्युदिस द’ बरोबर आहे. माथ्यावर मात्र तो चालणार नाही. आपल्याकडे तडजोडीच्या पत्रावर ते दोन शब्द घालण्याचा हेतू असा की, त्यातील मजकूर पुढे कोर्टात कबुली म्हणून आपल्याविरुद्ध वापरला जाऊ नये. फ्रेंचमध्ये तेथे ‘सू तूत रेझेर्व’ लिहितात, पण त्याने हक्क राखून ठेवल्याचे तेवढे कळते. पत्र गोपनीय ठरत नाही. फ्रान्समध्ये ते संरक्षण वकिलांच्या आपसातील पत्रव्यवहाराला १९७१ च्या कायद्याने मिळते, म्हणून पत्र अशिलाच्या सहीने जाणार असेल तर आधी साहेबांना विचारा. शब्द बदलून हे काम भागणार नाही.

दांडियाबाजार: आभारी आहे. पत्र अशिलाच्याच सहीचे आहे. जाता जाता, ‘कन्सिडरेशन’ मी ‘कोंसिदेरासियों’ केले आहे.

रावपुरा: ते ताबडतोब बदला! फ्रेंचमध्ये तो शब्द पत्राच्या शेवटी आदर व्यक्त करण्यासाठी येतो. तुमचा खरेदीदार आदराच्या बदल्यात माल मागेल. आपल्या ‘मोबदला’च्या जवळचा शब्द ‘कोंत्रपार्ती’.

जुना मुखत्यार: शब्द जवळचा आहे, संकल्पना नव्हे. १८७२ च्या आपल्या करार कायद्यात मोबदल्याविना करार, काही अपवाद सोडल्यास, रद्दबातल ठरतो. फ्रेंच कायद्यात ही अट नाही. तेव्हा करारास कोणत्या देशाचा कायदा लागू आहे ते कलम आधी पाहा, आणि भारताचा असेल तर ‘कोंत्रपार्ती’पुढे कंसात मूळ इंग्रजी शब्द तसाच राहू द्या.

दांडियाबाजार: कलम अठरा, भारताचा कायदा. कंस घातला. पत्र तूर्त थांबवून साहेबांच्या टेबलावर ठेवले आहे.