600 मीटरवर गोळ्या आडव्या पसरतात : नवी रायफल घ्यावी की आहे तीच सुधारावी?

धागाकर्ता :
नमस्कार. गेली 2 वर्षे मी .308 विंचेस्टर काडतुसाच्या बोल्ट-अ‍ॅक्शन रायफलने पालथे झोपून, पुढे बायपॉड (दोन पायांचा आधार) आणि दस्त्याखाली वाळूची पिशवी घेऊन नेमबाजीचा सराव करीत आहे. परवाना आणि रेंजची परवानगी रीतसर आहे. 300 मीटरवर 10 गोळ्यांचा गट (लक्ष्यावरील छिद्रांचा पसारा) सहसा 9 ते 10 सेंटीमीटरमध्ये बसतो. अंतर दुप्पट झाले की गटही साधारण दुप्पट होईल, असा माझा हिशेब होता. 600 मीटरवर गेल्यावर तो साफ चुकला. पुढे एफ-क्लासच्या (रायफल टेकवून दूरच्या लक्ष्यावर करायच्या नेमबाजीच्या) एफ-टीआर प्रकारात 1000 मीटरपर्यंत जाण्याची इच्छा आहे. सोबतच्या नेमबाजांपैकी एक जण 6.5 क्रीडमूर या काडतुसाची रायफल घ्यावी असे सांगतो, तर दुसरा अधिक वर्धनाची (लक्ष्य अधिक मोठे दाखवणारी) दुर्बीण बसवण्याचा आग्रह धरतो. खर्च एकाच गोष्टीवर करता येईल, तेव्हा तो कशावर करावा?

प्रतिसाद 1 :
एफ-टीआरमध्ये .223 रेमिंग्टन आणि .308 विंचेस्टर ही दोनच काडतुसे चालतात आणि बायपॉड-दुर्बिणीसह रायफलचे वजन 8.25 किलोग्रॅमच्या आत असावे लागते. 6.5 घेतलीत तर आपोआप एफ-ओपन या एफ-क्लासच्या दुसऱ्या प्रकारात जाल आणि तेथे 10 किलोग्रॅमपर्यंतच्या रायफली पुढच्या बाजूला भक्कम रेस्टवर (टेकूवर) टेकवून नेम धरणाऱ्या नेमबाजांशी गाठ पडेल. (‘एफ’ हे अक्षर कॅनडाच्या जॉर्ज फार्कहरसन यांच्या आडनावाचे आहे, वाढत्या वयातही या खेळात राहता यावे, या विचारातून हा प्रकार पुढे आला.) पण त्याआधी एक सांगा. ‘गट पसरतो’ एवढ्यावरून निदान होत नाही. 10 गोळ्यांच्या गटाची उंची किती आणि रुंदी किती, हे वेगवेगळे मोजून कळवा. काडतुसे कोणती होती आणि वाऱ्याचे काय केलेत, हेही लिहा.

धागाकर्ता :
लक्ष्यपत्र जपून ठेवले होते, आज मोजले. उंची 22 सेंटीमीटर, रुंदी 48 सेंटीमीटर. काडतुसे कारखान्यात भरलेली, 175 ग्रेन (गोळीच्या वजनाचे एकक) वजनाच्या मॅच, म्हणजे स्पर्धेच्या, गोळीची, सर्व एकाच लॉटमधील. वाऱ्याबाबत खरे सांगायचे तर, सुरुवातीला झेंडे पाहून दुर्बिणीचे क्लिक (नेम सरकवण्याचे बारीक टप्पे) फिरवले आणि नंतर दहाही गोळ्या त्याच क्लिकवर मारल्या.

प्रतिसाद 2 :
आपल्या प्रश्नाचे बहुतेक उत्तर या दोन आकड्यांतच आहे. 600 मीटरवर 1 एमओए (कोनाचे माप, अंशाचा साठावा भाग) म्हणजे सुमारे 17.5 सेंटीमीटर. 22 सेंटीमीटर उंची म्हणजे सव्वा एमओए झाले; 300 मीटरवरील आपल्या गटापेक्षा ते थोडेच अधिक आहे, आणि तेवढी वाढ केवळ गोळ्यांच्या वेगातील फरकामुळेही होऊ शकते. नळीतून निघतानाचा वेग 10 मीटर प्रति सेकंदाने बदलला, तर या गोळीच्या उंचीत 600 मीटरवर साधारण 10 सेंटीमीटरचा आणि 1000 मीटरवर 35 ते 40 सेंटीमीटरचा फरक पडतो. म्हणून 1000 मीटरवर जाण्याआधी कोणाकडून तरी क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजणारे यंत्र) मागून घेऊन 20 गोळ्यांचे वेग नोंदवा. तीन गोळ्यांवरून काढलेल्या सरासरीला, आणि तीन गोळ्यांच्या सुंदर गटालाही, मी फारशी किंमत देत नाही.

रुंदीचा दोष मात्र रायफलचा नाही. आपल्या गोळीला काटकोनात वाहणारा 1 मीटर प्रति सेकंदाचा वारा 600 मीटरवर जवळजवळ 20 सेंटीमीटर बाजूला नेतो. म्हणजे आपण 10 गोळ्या मारीपर्यंत वारा एकंदर 2 मीटर प्रति सेकंदाने इकडेतिकडे झाला, इतकेच ते लक्ष्यपत्र सांगते. एवढा बदल गालावर जाणवतही नाही. हेच आकडे 1000 मीटरवर नेले, तर प्रत्येक 1 मीटर प्रति सेकंदामागे 70 सेंटीमीटरच्या आसपास सरक होते आणि लक्ष्यपत्रच सुटते.

वारा वाचताना घड्याळाची कल्पना डोळ्यांपुढे ठेवावी. लक्ष्य 12 वाजता आहे असे मानल्यास 3 किंवा 9 वाजताचा वारा पूर्ण धरायचा आणि 1 वाजताचा, म्हणजे 30 अंशांतून येणारा, निम्मा धरायचा. यातून एक गोष्ट निघते आणि नवखे हमखास तिथेच फसतात. समोरून येणारा वारा निरुपद्रवी वाटतो. पण तो 11 आणि 1 यांच्यामध्ये शेपटीसारखा हलत असेल, तर क्षणात डावीकडून निम्मा आणि क्षणात उजवीकडून निम्मा लागतो. एकसारखा वाहणारा आडवा जोरदार वारा त्यापेक्षा परवडला, कारण त्याचे क्लिक एकदा बसले की टिकतात. दुसरे असे की, आपल्याजवळचा वारा लक्ष्याजवळच्या वाऱ्यापेक्षा महत्त्वाचा असतो. सुरुवातीलाच गोळीची दिशा वळली, तर उरलेले सारे अंतर ती त्याच वळलेल्या दिशेने जाते.

झेंड्यांपेक्षा मी उष्णतेच्या लहरींवर अधिक विसंबतो. स्पॉटिंग स्कोपचा (लक्ष्य न्याहाळण्याच्या वेगळ्या दुर्बिणीचा) फोकस लक्ष्यावर नेमका बसवून मग किंचित अलीकडे आणा. कागदाच्या कडा अंधूक होतील आणि त्यांच्यापुढून पाण्यासारख्या लहरी वाहताना दिसतील. लहरी उजवीकडे धावत असतील, तर वारा डावीकडून आहे. त्या सरळ वर उकळू लागल्या, की वारा थांबला आहे, समोरून-मागून येत आहे किंवा दिशा बदलण्याच्या बेतात आहे. अशा वेळी मी चापावरचे बोट काढून घेतो आणि वाट पाहतो. जोराच्या वाऱ्यात लहरी सपाट होतात आणि वेगाचा अंदाज येईनासा होतो, तेव्हा झेंडेच बरे.

तेव्हा खर्च करायचाच असेल, तर चांगला स्पॉटिंग स्कोप आणि साधा हातातला वारामापक यांवर करा. प्रत्येक गोळीआधी वाऱ्याचा आपला अंदाज वहीत लिहा, गोळी कोठे लागली ते शेजारी लिहा. पेन्सिलने लिहा, घामाने शाई पसरते.

प्रतिसाद 3 :
वरील मांडणीशी मी बहुतांशी सहमत आहे, पण 6.5 ची बाजू कोणी मांडली नाही म्हणून लिहितो. 140 ग्रेनच्या मॅच गोळीला हाच वारा 600 मीटरवर 15 सेंटीमीटरच्या आसपास सरकवतो आणि धक्काही कमी बसतो. 175 ग्रेनची .308 गोळी 1000 मीटरच्या आसपास ध्वनीच्या वेगाजवळ येते आणि तेथे तिचे वागणे बिघडू शकते; 6.5 ला तेथे बरीच सवड उरते. एफ-टीआरचा हट्ट नसेल, तर तो वाईट पर्याय नाही. मात्र .308 ची नळी 5000 गोळ्यांहून अधिक टिकते आणि 6.5 ची त्याच्या निम्म्यावरच थकू लागते. आपला मुक्काम अजून वारा शिकण्यात आहे आणि त्यासाठी पुष्कळ गोळ्या लागतात, म्हणून तूर्त .308 ठेवावी, हेच माझेही मत पडते.

वर्धन वाढवून काहीही हाती लागणार नाही, उलट उन्हात लक्ष्य अधिकच उकळताना दिसेल. दुर्बीण बदलण्याआधी ती बसवली कशी आहे, ते पाहा. रायफल 1 अंश कलली, तर 600 मीटरवर गोळी 5 ते 6 सेंटीमीटर बाजूला जाते. 1000 मीटरवर तोच कल 20 ते 25 सेंटीमीटरचा होतो, कारण उंचीसाठी जितके अधिक क्लिक फिरवावेत, तितका कलाचा परिणाम वाढतो. 300 मीटरवर हा दोष दिसतही नाही. दूर एक ओळंबा टांगा, क्रॉसहेअरची (दुर्बिणीतल्या नेमाच्या फुलीची) उभी रेघ त्याच्या दोरीवर बसवा आणि त्याच स्थितीत दुर्बिणीच्या नळीवर लावलेल्या पाणपातळीचा बुडबुडा मध्यावर आणून ती घट्ट करा. यापुढे प्रत्येक गोळीआधी बुडबुड्याकडे एक नजर टाका. दुर्बीण धरणाऱ्या रिंगांचे स्क्रू उत्पादकाने सांगितलेल्या टॉर्कलाच (पिळाच्या जोरालाच) आवळा. जास्त आवळल्याने दुर्बिणीची नळी चेपते.

प्रतिसाद 1 :
एक भर घालतो. अंगस्थिती घेतल्यावर डोळे मिटा, दोन श्वास घ्या आणि उघडा. क्रॉसहेअर केंद्रावरून हटलेले असेल, तर हाताने ओढून आणू नका. सारे शरीर हलवा. ओढून आणलेला नेम गोळी सुटताना स्नायूंबरोबर परत जातो आणि तोही आडवाच पसरतो, त्यामुळे वाऱ्याच्या नावावर खपतो. घरी रिकाम्या रायफलने, नळी आणि मॅगझिन दोनदा तपासून, चाप ओढण्याचा सराव करा. चाप सुटल्यावर क्रॉसहेअर जागचे हलले का, एवढेच पाहायचे.

धागाकर्ता :
सर्वांचे मनापासून आभार. ओळंबा लावून पाहिले, तर उभी रेघ उजवीकडे दीड अंशाच्या आसपास कललेली निघाली. दुर्बीण मीच बसवली होती, तेव्हा तक्रार करायलाही जागा नाही. ती सरळ केली, पाणपातळी लावली, झिरो पुन्हा घेतला (नेम आणि गोळी पुन्हा जुळवून घेतली) आणि काल 600 मीटरवर प्रत्येक गोळीआधी लहरी पाहून 10 गोळ्या मारल्या. त्यातील दोन वेळा लहरी उकळताना दिसल्या म्हणून चापावरून बोट काढले. उंची 19 सेंटीमीटर, रुंदी 31. नवी रायफल घेण्याचा विचार सोडला आहे. एक शंका उरते. दुर्बिणीची पॅरॅलॅक्सची कळ (डोके हलले तरी क्रॉसहेअर लक्ष्यावरून सरकू नये म्हणून असलेली) 600 वर ठेवली, तर लक्ष्य किंचित अंधूक दिसते. 450 च्या आसपास ते स्वच्छ दिसते. कळ बिघडली असेल का?

प्रतिसाद 3 :
बिघडलेली नाही. त्या कळीवरील आकडे ढोबळच असतात आणि तापमानानेही सरकतात. प्रथम मागचा डोळ्याजवळचा फोकस नीट लावा : रिकाम्या आकाशाकडे पाहताक्षणी रेघा ठळक दिसल्या पाहिजेत, टक लावून पाहिल्यावर नव्हे. मग रायफल पिशव्यांवर स्थिर ठेवा, तिला हात न लावता डोके थोडे वरखाली आणि डावीउजवीकडे हलवा आणि क्रॉसहेअर लक्ष्यावर सरकणे थांबेपर्यंत कळ फिरवा. जेथे ते थांबेल, तेथे पांढऱ्या रंगाने बारीक खूण करा आणि छापलेल्या आकड्याकडे पुन्हा पाहू नका.