मदत हवी आहे : टंचाईत फडाचं पाणी कसं वाटायचं?

नमस्कार मंडळी. बालीच्या भातशेतीवर स्टीफन लान्सिंग हे मानववंशशास्त्रज्ञ आणि जेम्स क्रेमर हे परिसंस्थांचे अभ्यासक यांनी मिळून केलेलं संगणकी मॉडेल (१९९३) वाचलं. १७२ पाणीवाटप संघ, नियम एकच: ज्या शेजाऱ्याला जास्त पिकलं त्याचं वेळापत्रक उचलायचं. वरून कुणाचा हुकूम नसताना तिथल्या जलमंदिरांसारखी (पाण्याच्या पाळ्या ठरवणारी देवळं) व्यवस्था आपसूक उभी राहते! वरच्या अंगाचे शेतकरी खालच्यांना पाणी का सोडतात? सगळ्यांची कापणी एकदम झाली की किडीला खायला उरत नाही, म्हणून.

तसंच मला धुळ्याकडच्या पांझरा नदीवरच्या फडांसाठी (फड म्हणजे बंधाऱ्याच्या पाटावर सामाईक भिजणारा जमिनीचा पट्टा) नेटलोगो या सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये करायचंय. एका फडात एकच पीक, पाणी पाटकरी (सगळ्यांच्या शेतांना पाटाचं पाणी देणारा माणूस) भरणार, इथवर जमलं. घोडं अडलंय टंचाईच्या वर्षी. माझा शेवटच्या टोकाचा शेतकरी तिसऱ्या हंगामातच बुडतो, आणि ते काही पटत नाही. (आमचे गाईड म्हणतात, 'रँडम टाक.' छे!)

धुळे-साक्रीकडे कुणाची फडात जमीन आहे का? पाणी कमी पडलं तर कुठला फड पडीक ठेवायचा हे कोण ठरवायचं? पाळी वरून लागायची की खालून? आजोबांना विचारून सांगितलंत तरी चालेल.