पौलाने स्त्रीला नेमकं काय करू दिलं नाही?

मागचा बाक
बायबलच्या नव्या करारात प्रेषित पौलाने सहकारी तीमथ्याला लिहिलेलं पहिलं पत्र, २:१२. स्त्रीने शिकवू नये, पुरुषावर ‘ऑथेंतेइन’ (मूळ ग्रीक क्रियापद, वाद त्याच्या अर्थाचाच) करू नये. हे क्रियापद अख्ख्या नव्या करारात एकदाच येतं. साध्या अधिकारासाठी पौलाकडे ‘एक्सूसिया’ हा ग्रीक शब्द होता. १ करिंथ ७:४ मध्ये त्याच कुळातलं क्रियापद तो नवरा-बायको दोघांनाही लावतो. मग इथेच हा आडवळणाचा शब्द का? ग्रीक नाटककार युरिपिडीसच्या नाटकांत याच मुळातला ‘ऑथेंतेस’ म्हणजे खुनी. १६११ च्या इंग्रजी बायबलातही ‘अधिकार बळकावणे’ आहे. माझ्या मते मनाई दांडगाईला आहे, पदाला नाही.

व्याकरणवेडा
युरिपिडीस पौलाच्या जवळपास पाचशे वर्षं आधीचा. तो खुनी इथे कशाला आणता? वाक्य बघा. ‘शिकवणे’ आणि ‘ऑथेंतेइन’ यांना ‘ऊदे’ने, म्हणजे ‘आणि तेही नाही’ने, जोडलंय. शिकवणं चांगलं, तर जोडीचं कामही मुळात चांगलंच असणार. शिवाय पुढच्याच ओळीत कारण दिलंय: आदाम आधी घडवला गेला. तीमथ्य होता त्या इफिस शहरातल्या कुठल्या भांडणाचा तिथे उल्लेखही नाही.

मागचा बाक
शिकवणं नेहमीच चांगलं? तीत १:११ वाचा, नको ते शिकवणाऱ्यांची तोंडं बंद करा म्हणतोय. आणि चौथ्या शतकातला ख्रिस्ती धर्मोपदेशक क्रिसोस्टोम, ज्याची बोलीच ग्रीक, पौलाच्या कलस्सैकरांना लिहिलेल्या पत्रावरच्या प्रवचनात नवऱ्यांना बजावतो: बायको अधीन आहे म्हणून तिच्यावर ‘ऑथेंतेइन’ करू नका. रास्त अधिकार एवढाच अर्थ असता तर हे बजावलं असतं का?

व्याकरणवेडा
साक्षीदार अर्धाच उभा केलात. हाच क्रिसोस्टोम तीमथ्याच्या याच वचनावर बोलताना म्हणतो, स्त्रीने एकदा शिकवलं आणि सगळं बिघडवलं. त्याला तुमचा अर्थ सुचला नाही!

कडेची खुर्ची
त्याने शब्दाचा धरलेला अर्थ निराळा, स्त्रियांबद्दलचं त्याचं मत निराळं. नव्या करारातल्याच प्रिस्किल्ला या बाईचं काय? प्रेषितांची कृत्ये १८:२६, शहर हेच इफिस, आणि अपुल्लोसारख्या विद्वानाला ती नवऱ्यासोबत समजावून सांगते.

व्याकरणवेडा
बाजूला घेऊन. मंडळीसमोर नव्हे.

कडेची खुर्ची
बाजूला घेतलं म्हणून ते शिकवणं नव्हे? वचनात जागा लिहिलेली नाही, ताई-दादांनो. दक्षिण भारतातल्या सीएसआय (चर्च ऑफ साउथ इंडिया) चर्चने २०१३ मध्ये पुष्पा ललिता यांना बिशप केलं, तेव्हा या क्रियापदाचा निकाल लागलेला नव्हता.

व्याकरणवेडा
तेच म्हणतोय. बिशप करा, पण पौलाच्या तोंडी आपला अर्थ घालून नको. वचन असं आहे आणि आम्ही ते आज लागू धरत नाही, हे व्यासपीठावरून बोला. मग मी वाद घालणार नाही.

मागचा बाक
लागू धरायचं की नाही, हे ठरवायलाच अर्थ लागतो ना!