बाइकलाही दरवर्षी पासिंग हवं का? पीयूसी धूर बघते, ब्रेक कोण बघणार?

भांडुपचा_बाइकवाला:
गेल्या जुलैत पवईहून घरी येत होतो, जेव्हीएलआरवर (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड) पाऊस धो धो, पुढची रिक्षा अचानक थांबली म्हणून मी पायाचा ब्रेक दाबला, माझी गाडी थांबली पण मागचा टेम्पो काही थांबेना, त्याने मडगार्डला टेकवलंच. मी भांडायला वळलो तर तो म्हणतो, भाऊ तुझी लाइट लागलीच नाही. मला पटलं नाही. घरी येऊन बायकोला गाडीमागे उभं केलं, हाताचा ब्रेक दाबला तर लाल लाइट लागते, पायाचा दाबला तर अंधार. आणि पावसात मी पायाचाच ब्रेक दाबतो, म्हणजे किती दिवस मागच्याला काही न कळवता थांबत होतो देव जाणे. त्याच्या चारच दिवस आधी पंपावर पीयूसी काढली होती, एकदम पास.

गाडी ११ वर्षांची १२५ सीसी, ७४ हजार किमी झालेत, अजून अर्ध्या किकला चालू होते. म्हणूनच तर माझं लक्ष गेलं नाही. गाडी चालू होते, बंद पडत नाही, अ‍ॅव्हरेज देते, म्हणजे गाडी ठीक, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय.

मग जरा वाचलं. ब्रिटनमध्ये बाइक ३ वर्षांची झाली की दरवर्षी एमओटी नावाची तपासणी करावीच लागते. आणि मला यात सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते हे, की त्यात इंजिन, क्लच, गिअरबॉक्सची अवस्था बघतच नाहीत! बघतात काय तर ब्रेक, टायर, लाइट, स्टीअरिंग, सस्पेन्शन, चेन, चाकं. टायरची नक्षी १ मिमीपेक्षा कमी असली की नापास. ब्रेकलाइट हाताच्या ब्रेकने पण लागली पाहिजे आणि पायाच्या पण. म्हणजे माझी गाडी तिथे नापास झाली असती.

आपल्याकडे रिक्षा-टॅक्सीला फिटनेस सर्टिफिकेट लागतं, पहिली ८ वर्षं दोन वर्षांनी आणि मग दरवर्षी. खाजगी बाइकला रजिस्ट्रेशनची १५ वर्षं होईपर्यंत कोणी हात लावत नाही. माझं म्हणणं आहे की बाइकला पण दरवर्षी हवं, निदान ५ वर्षांनंतर तरी.

वडाळा_डिलिव्हरी:
दादा तुमचं ऑफिस असेल, तुम्ही एक दिवस सुट्टी टाकाल. मी दिवसाला शंभर-सव्वाशे किमी चालवतो, गाडी उभी तर कमाई शून्य. आधीच इन्शुरन्स, पीयूसी, ट्रॅफिकची ई-चलानं, त्यात अजून एक लाइन, अजून एक फी. आणि हे लक्षात घ्या, कायदा आला की पहिला पकडणार आम्हाला, कारण रस्त्यावर आम्हीच दिसतो. गाडी कशी ठेवायची ते मला पोट शिकवतं, मी दर २००० किमीला ऑइल बदलतो.

कुर्ल्याचं_गॅरेज:
ऑइलचं ऐकून बरं वाटलं भाऊ, पण राग मानू नका, तुम्ही पण तेच केलंत जे धागेवाल्या दादांनी केलं. ऑइल म्हणजे इंजिन. ब्रेकचं काय?

२२ वर्षं हेच काम करतोय म्हणून सांगतो. गिऱ्हाईक गाडी आणतं तेव्हा तक्रार काय असते, पिकअप नाही, अ‍ॅव्हरेज गेलं, सकाळी चालू होत नाही. ब्रेक बघा म्हणून फार कमी लोक येतात. आणि गाडी उघडली की काय दिसतं ते ऐका. मागच्या ड्रमला जिथे ब्रेकचा दांडा बसतो तिथे बऱ्याच गाड्यांना एक छोटा बाण असतो आणि प्लेटवर खूण असते, ब्रेक पूर्ण दाबल्यावर बाण त्या खुणेला पोचला की लायनर, म्हणजे ड्रमला आतून घासणारा ब्रेकचा थर, संपले. गिऱ्हाईक काय करतं, ब्रेक लूज झाला की रॉडचा नट आवळतं, परत लूज झाला परत आवळतं, आणि बाण कधीच खुणेच्या पुढे गेलेला असतो. नट आवळून ब्रेक टाइट वाटतो पण आत लायनर कागदाएवढा. मग लोखंड लोखंडाला घासतं आणि ड्रम कापला जातो.

कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, तसाच. मेन स्टँडवर लावा, पुढचं चाक उचला, हँडल हळू फिरवा. मधोमध खटकन अडकल्यासारखं वाटलं तर बेअरिंगच्या वाटीत खाच पडलीय, मुंबईचे खड्डे दुसरं काय देणार. गाडी सरळ रेषेत चालत नाही, डुलते, आणि माणूस म्हणतो टायरमध्ये हवा कमी असेल. शॉकअपचं ऑइल सील गळून पुढच्या डिस्कवर तेल उतरतं ते तर पावसाळ्यात रोजचं.

दादांच्या गाडीचा जो बिघाड होता ना, पायाच्या ब्रेकचा स्विच, तो तर सगळ्यात कॉमन. पेडलच्या मागे बसतो, चिखल सगळा त्याच्यावर. आणि आपली ब्रेकलाइट आपल्याला कधी दिसत नाही. (आणि दादा, पावसात नुसत्या पायाच्या ब्रेकवर राहू नका, दोन्ही हळूहळू दाबा, एकट्या मागच्या ब्रेकने गाडी लवकर थांबत नाही.)

मुलुंडकरीण:
गॅरेजवाले दादा, तुमचं सगळं मान्य, पण मग खाच पाडली कोणी? खड्ड्याने. शॉकअप कोणी फोडला? खड्ड्याने. मग तपासणी माझ्या स्कूटरची आणि दंड पण मला? दरवर्षी पावसाळ्याआधी रस्त्याला कोणी नापास करणार असेल तर मी माझी स्कूटर पहिल्या नंबरला घेऊन येईन.

आणि दुसरं. परदेशाचा दाखला देताय तर पूर्ण द्या. जपानमध्ये गाड्यांची तपासणी कडक आहे पण २५० सीसीपर्यंतच्या बाइकला ती लागू नाही. आपल्या बिल्डिंगखाली उभ्या असलेल्या गाड्या मोजा, २५० च्या वरची एखादी सापडली तर सापडली. युरोपियन युनियनने २०२२ पासून १२५ सीसीच्या वरच्या बाइकला तपासणी लावा म्हटलं पण देशांना सवलत पण ठेवली. फ्रान्समध्ये बाइकवाल्यांनी वर्षानुवर्षं विरोध केला, शेवटी २०२४ च्या एप्रिलमध्ये सुरू झाली, ती पण गाडी ५ वर्षांची झाल्यावर आणि मग दर ३ वर्षांनी. दरवर्षी नाही.

भांडुपचा_बाइकवाला:
ताई, जपानचं मला माहीत नव्हतं, मुद्दा बरोबर आहे. पण तिकडच्या रस्त्यावर छोटी बाइक जेवढं काम करते आणि इकडे जेवढं करते त्यात फरक आहे की नाही? इकडे १०० सीसीवर नवरा, बायको, पोर आणि गॅसचा सिलिंडर. २०२२ साली देशात रस्त्यावर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली, त्यात दुचाकीवाली ४४.५ टक्के. सगळे ब्रेकमुळे गेले असं मी म्हणत नाही, तसं म्हणणं खोटं होईल, वेग आहे, हेल्मेट नाही, खड्डे आहेत. पण ज्या गोष्टीने थांबायचं ती तरी चालू पाहिजे ना. आणि खड्डे आहेत म्हणूनच तर तपासणी जास्त हवी, रस्ता चांगला असता तर कोनसेट पाच वर्षं टिकला असता.

जुना_टूस्ट्रोक:
मी विरोधात आहे आणि मी या तपासणीतून गेलेला माणूस आहे. माझ्याकडे १९९४ ची टू-स्ट्रोक आहे, वडिलांची. १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी रजिस्ट्रेशन रिन्यू करायला गाडी घेऊन जावं लागतं. शेवटचं गेलो तेव्हा आदल्या आठवड्यात नवे लायनर टाकले, केबल बदलल्या, दोन्ही टायर नवे. साहेबांनी चासी नंबरचा पेन्सिलने काढलेला छाप बघितला, हॉर्न वाजवायला सांगितला, लाइट बघितली, झालं. ब्रेक दाबूनसुद्धा बघितला नाही. माझ्या मागे एक स्कूटर होती तिच्या मागच्या टायरमधून तारा दिसत होत्या, तीही पास, मी डोळ्यांनी बघितलंय. कुठलं ऑफिस ते सांगत नाही. मला तेव्हा खूप वाईट वाटलं कारण मी गाडीसाठी जीव ओतला होता आणि त्याला काही किंमतच नव्हती. २०२२ च्या एप्रिलपासून बाइकची ही फी ३०० ची १००० झाली, तपासायची पद्धत किती बदलली?

हेच दरवर्षी करायचं? मग ज्याची गाडी खराब तो पैसे टाकून पास होणार आणि ज्याची चांगली तो रांगेत उभा राहणार.

कुर्ल्याचं_गॅरेज:
साहेब, तुमचं दुखणं खरं आहे. पण ब्रिटनमध्ये एमओटी सरकारी ऑफिसात नाही, परवाना दिलेल्या गॅरेजमध्ये होते. नापास का केलं ते लिहून द्यावं लागतं, आणि नंबर टाकला की आधीचा रेकॉर्ड ऑनलाइन कोणालाही दिसतो, किमीसकट. सेकंडहँड घेणाऱ्याला केवढा फायदा. इकडे मीटर मागे फिरवून गाडी विकतात ते बंद होईल.

वडाळा_डिलिव्हरी:
म्हणजे नापास करणारा गॅरेजवाला आणि दुरुस्त करून पैसे घेणारा पण गॅरेजवाला? राग मानू नका दादा, तुम्ही चांगले असाल, पण सगळे नसतात. चेनसेटला अजून पाच हजार किमी आयुष्य असताना बदला म्हणून सांगणारे मी तीन बघितलेत.

कुर्ल्याचं_गॅरेज:
यावर माझ्याकडे उत्तर नाही भाऊ. तपासणारा वेगळा आणि दुरुस्त करणारा वेगळा पाहिजे, हे मला पण पटतं. ब्रिटनमध्ये एकच गॅरेज दोन्ही करू शकतं, ते मला बरोबर वाटत नाही.

मुलुंडकरीण:
मला एक मधला रस्ता सुचतो. पीयूसीला आपण सगळे जातोच, बीएस फोर आणि बीएस सिक्सवाले (धुराच्या नियमांप्रमाणे नव्या गाड्या) वर्षातून एकदा. तिथेच ब्रेकलाइट, इंडिकेटर, टायर एवढं बघितलं आणि त्याच कागदावर लिहिलं तर? वेगळी रांग नाही, गाडी जप्त नाही, पहिल्या वर्षी फक्त सांगायचं. टायरवर तर तारीखच असते, शेवटचे चार आकडे, २३१६ म्हणजे २०१६ चा तेविसावा आठवडा. हे वाचायला इन्स्पेक्टर कशाला हवा. मी आत्ता माझ्या स्कूटरचा बघितला, ३८१५. नक्षी भरपूर आहे म्हणून मी निश्चिंत होते, पण बाजूच्या रबराला बारीक भेगा आहेत.

जुना_टूस्ट्रोक:
ताई, तो टायर आधी बदला, चर्चा नंतर. जुनं रबर ओल्या रस्त्यावर पकडत नाही. पीयूसीवाल्या कल्पनेला माझा विरोध नाही, फक्त तिथल्या पोराला कोणी तरी शिकवलं पाहिजे.

वडाळा_डिलिव्हरी:
माझा कायद्याला विरोध तो विरोधच. पण आत्ता ऑर्डर मिळेपर्यंत पाच गार्डनला थांबलोय, बाजूच्या मित्राला मागे उभं केलं. हाताचा लागतो. पायाचा पूर्ण तळाला दाबला तेव्हा कुठे लागतो, हळू दाबला तर नाही. एवढं जोरात मी कधी दाबतच नाही. स्विच गेला का?

कुर्ल्याचं_गॅरेज:
बहुतेक नाही गेला. पेडलपासून स्विचला एक बारीक स्प्रिंग जाते ती ताणली गेली असेल. स्विचची बॉडी धरून ठेवा, तिच्यावरचा प्लॅस्टिकचा नट फिरवून बॉडी थोडी वर घ्या, बॉडी फिरू देऊ नका नाहीतर वायर तुटेल. पेडल थोडं दाबलं की लगेच लाइट लागली पाहिजे, आणि पाय काढला की विझली पाहिजे. नाही जमलं तर गॅरेजला या, याचे पैसे घेत नाही.