तारखा पाळल्या म्हणजे उपचारात आहे असं नाही

डॉक्टरांच्या भेटीची तारीख चुकली म्हणजे मानसिक आजाराच्या पेशंटने उपचार सोडले, असं काहीजण म्हणतात; मला ते पटलं नाही. उलटंही घडतं. माझ्या भावाच्या केसपेपरवर दर महिन्याची नोंद आहे, पण अक्कलकोटहून एस.टी.ने सोलापूरला येऊन गोळ्या नेते ती आई. तो स्वतः कित्येक महिन्यांत डॉक्टरांसमोर बसलेला नाही.

मानसिक आजाराचा पेशंट उपचारांशी खरंच किती जोडलेला आहे हे मोजायला इंग्लंडमधल्या संशोधकांनी २००२ साली १४ विधानांची मोजपट्टी काढली. भेटीला उपलब्ध असणं, उपचारात सहभाग, स्वतःहून मदत मागणं आणि औषधं घेणं हे त्यात वेगवेगळं तपासतात. मात्र ती भरतात उपचार करणारेच, आणि मला तिथेच अडतं. पेशंटलाही विचारायला हवं ना! गोळ्यांनी हात थरथरतात हे भावाने आईला सांगितलंय, डॉक्टरांना नाही.