क्रॉस्बी-स्टिल्स-नॅश-यंग : १९८८ आणि १९९९च्या रेकॉर्डी खरंच पाट्या टाकलेल्या आहेत का?

कृष्णाकाठ_सांगली :

नमस्कार मंडळी. विश्रामबागला माझ्या घरी दर रविवारी सकाळी आम्ही चार-पाच जण रेकॉर्डी ऐकायला जमतो. गेल्या रविवारी वाद एवढा पेटला की पोहे बशीतच गार झाले. विषय होता क्रॉस्बी, स्टिल्स, नॅश आणि यंग या चार रॉक गायकांनी फुटल्यावर पुन्हा एकत्र येऊन केलेली गाणी. एक मित्र म्हणाला, "१९७०ची 'देजा व्हू' सोड, पुढचं सगळं पाट्या टाकणं. नाव विकून खाल्लंय." मला ते फार लागलं, म्हणून इथं विचारतोय.

चौघांचे मिळून स्टुडिओ अल्बम तीनच : १९७०, १९८८ आणि १९९९. जानेवारी २०२३मध्ये डेव्हिड क्रॉस्बी गेला, त्यामुळं चौथा आता येत नाही. तिनातल्या दोनांवर फुली मारायची तर निदान ऐकून मारावी.

१९८८ची 'अमेरिकन ड्रीम' जड जाते, मान्य. १४ गाणी, जवळपास तासभर. ड्रम गुहेत ठेवल्यासारखे वाजतात, वर त्या काळच्या कीबोर्डचा जाड थर. पण ती झाली कशी ते बघा. क्रॉस्बी नशेत पार बुडाला होता, टेक्ससच्या तुरुंगात जाऊन आला. नील यंगनं त्याला शब्द दिला होता की तू यातून सुटलास तर चौघं मिळून रेकॉर्ड करू. तो सुटला आणि यंगनं शब्द पाळला. रेकॉर्डिंग यंगच्याच कॅलिफोर्नियातल्या रँचवर झालं. याला पैशासाठी केलेलं काम म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्यातलं 'कंपास' क्रॉस्बीनं तुरुंगात असताना लिहिलेलं. वाया गेलेल्या वर्षांचा एवढा सरळ हिशेब मांडणारं गाणं मी दुसरं ऐकलेलं नाही.

माझी प्रत पुरातून वाचलेली आहे. आमचं जुनं घर गावभागात. ऑगस्ट २०१९मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा खालच्या फळीवरच्या सगळ्या रेकॉर्डी पाण्यात होत्या. कव्हरांचा लगदा झाला. तबकड्या साध्या पाण्यानं धुतल्या, जुन्या धोतराच्या फडक्यानं टिपल्या आणि आईच्या ताटाळ्यात उभ्या करून वाळवल्या. 'कंपास' सुरू होताना अजून बारीक करकर येते, खाचेत गाळ बसलाय. ती करकर आली की मी हातातलं काम ठेवतो.

माझा अंदाज असा, की या रेकॉर्डी कमी पडल्या त्या वयामुळं नाही. प्रत्येकानं आपापलं गाणं तयार करून आणलं आणि बाकीच्यांनी वरून आवाज चढवला. तुम्हाला काय वाटतं?

अजिंक्यतारा_सातारा :

दादा, तुमची माया कळते, पण कान वेगळं सांगतात. मित्राला दिलेला शब्द पाळला म्हणून गाणं चांगलं होत नाही. १४ गाण्यांत क्रॉस्बीची किती? दोन. ज्याच्यासाठी रेकॉर्ड केली त्यालाच दोन! आणि त्यानंतर यंग दौऱ्यावर गेलाच नाही. चौघांचा दौरा १९७४नंतर थेट २०००मध्ये.

"आपापलं गाणं आणलं" हे कारणही टिकत नाही. 'देजा व्हू'त तेच झालंय. निम्म्या गाण्यांत यंगचा पत्ता नाही. स्टिल्स एक गाणं नुसती गिटार घेऊन एकटाच गातो. तरी ती भिडते, कारण गाणीच तशी होती. १९८८ला तशी गाणी नव्हती.

जवारी_मिरज :

मी मिरजेत तंबोरे करतो, वाडवडिलांपासूनचं काम. इंग्रजी शब्द सगळे कळत नाहीत, पण सूर कळतो. आमच्याकडं येणाऱ्या एका गिऱ्हाइकानं मला यांची १९६९ची पहिली, तिघांची रेकॉर्ड ऐकवली. यंग तेव्हा नव्हता. त्यात सात मिनिटांच्या वर चालणारं 'सूट : जूडी ब्लू आइज' आहे. स्टिल्सनं त्याला गिटार कशी लावलीय माहिताय? सहा तारांतल्या पाच 'ई' आणि एक 'बी'. म्हणजे पाच षड्ज, एक पंचम. हा तंबोराच झाला की! त्यावर तीन गळे. मी ते कानसं बाजूला ठेवून तीनदा लावायला सांगितलं.

आता तुमचा प्रश्न. घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, घासून झाली की तारेखाली सुताचा दोरा सरकवत आम्ही जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा नाद, काढतो. दोरा केसभर चुकला की तार सुरात असूनही मुकी राहते. १९८८च्या रेकॉर्डीत मला तसं होतं. चौघं सुरात आहेत, जवारी बंद आहे. कीबोर्डचा थर मधे येतो, एक गळा दुसऱ्यात शिरत नाही. १९९९ची 'लुकिंग फॉरवर्ड' तशी नाही. त्या नावाचंच यंगचं गाणं ऐका. गळे उतरलेत, स्टिल्सचा तर घोगरा झालाय, पण मिसळतात. जवारी खुली आहे. सातारकर भाऊ, गाणी चांगली-वाईट हे नंतर. आधी हे ऐका.

प्रीतिसंगम_कराड :

१९९९चा विषय निघालाच आहे तर 'ड्रीम फॉर हिम'बद्दल कुणीच बोललं नाही. १९९४मध्ये क्रॉस्बीचं यकृत बदललं, पुढच्या वर्षी मुलगा झाला. त्या मुलाला जगाबद्दल खरं काय आणि कसं सांगायचं, हे त्या गाण्यात आहे. २०१९च्या पुरात माझ्या मुलानं विचारलं होतं, "आई, कोयनेचं पाणी सोडलं की खाली सांगलीत लोक बुडतात, मग सोडतात कशाला?" तेव्हा तो सात वर्षांचा. मी त्याला काहीतरी सांगून गप्प केलं. ते अजून मनात आहे. हे गाणं तिशीतल्या क्रॉस्बीला सुचलंच नसतं. मला ते 'देजा व्हू'तल्या त्याच्या दोन्ही गाण्यांपेक्षा जवळचं आहे.

कृष्णाकाठ_सांगली :

सातारकर, क्रॉस्बीची दोनच गाणी हे मी कधी मोजलं नव्हतं. तुमचं बरोबर आहे, आणि माझं कारण चुकलं हेही मान्य. वेगवेगळं रेकॉर्ड करूनही 'देजा व्हू' जमली, मग दोष तिथं नाही. पण पाट्या टाकल्या, हे मी अजूनही मानत नाही.

मिरजकर, तुमचं वाचून काल रात्री दोन्ही परत लावल्या. 'कंपास'ला तो थर जवळजवळ नाहीच. गिटार आणि क्रॉस्बीचा गळा समोर येतो, बाकीचे मागं. म्हणजे अख्ख्या रेकॉर्डीत एवढ्या एका ठिकाणी जवारी उघडलीय, आणि मी इतकी वर्षं तेवढंच परत परत लावत आलो.

ताई, तुमच्या मुलाचा प्रश्न मी आमच्या आईला वाचून दाखवला. ती बराच वेळ बोलली नाही.

मिरजकर, रविवारी तुमचं दुकान बंद असतं का? नऊला या. १९९९ची माझ्याकडं फक्त सीडी आहे, पण स्पीकर चांगले आहेत. तो पाट्या म्हणणारा मित्रही येतोय. त्याला आधी तुमचा तंबोरा ऐकवू, मग ही लावू. येताना लहानसा एखादा घेऊन याल का?